सत्तावन्न नंबर अजून धावतोय

१

निवेदकाने लहान वर्गातलं सातवं नाव वाचलं, आणि वाचून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय वाचलं.

दिवसभर ओरडून त्याचा घसा बसला होता. समोरच्या पडद्यावर येईल ते वाचायचं, एवढीच ताकद त्याच्यात उरली होती. "सातव्या क्रमांकावर, गाडी नंबर सत्तावन्न," असं म्हणून त्याने चालकाचं नाव घेतलं, चांगलं ठसक्यात घेतलं, आणि मग कर्ण्यांतून नुसती खरखर ऐकू येत राहिली. टायर ढकलणारी माणसं थांबली. जिना उतरणारे प्रेक्षक पायरीवरच उभे राहिले.

सत्तावन्न नंबरची गाडी यंदा शर्यतीत नव्हतीच. गेल्या वर्षी ती उतारावरच्या वळणावर भिंतीला धडकली होती, आणि आत्ता ज्याचं नाव घेतलं गेलं तो त्या गाडीतून जिवंत बाहेर आला नव्हता.

ही शर्यत सूर्य उगवताना सुरू होते आणि मावळताना संपते. रस्ता एकच, पण त्यावर दोन वर्गांच्या गाड्या एकदम धावतात. मोठ्या वर्गातल्या बुटक्या, राक्षसी वेगाच्या. लहान वर्गातल्या जरा माणसाळलेल्या, दुकानात मिळणाऱ्या गाड्यांच्या चुलत बहिणी शोभतील अशा. एकेका गाडीला दोन-तीन चालक, आळीपाळीने बसणारे. निकाल दोन, बक्षिसं दोन आणि भांडणं अगणित. ती मिटवायला मुख्य पंच म्हणून ज्या बाई बसत त्यांना सगळे पंचबाई म्हणत. नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यांनी सही केलेला निकाल आजवर कुणाला फिरवता आला नव्हता, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

लहान वर्गात पहिली आलेली गाडी अठ्ठावन्न नंबरची. ती मेलेल्या माणसाच्याच घरची. त्याची बायको, जिला सगळं गॅरेज वहिनी म्हणत असे, ती संघ चालवायची. त्याचा सख्खा धाकटा भाऊ गाडी चालवायचा. पहिल्या येणाऱ्या संघाला पुढच्या वर्षीचा प्रवेश आपोआप मिळतो. तो मिळाला नाही तर वहिनी गॅरेजला कुलूप लावणार होती. ही गोष्ट तिने कधी कुणापासून लपवली नव्हती.

दुसऱ्या आलेल्या गाडीचे मालक म्हणजे शेठ. त्यांच्या दोन गाड्या होत्या, लहान वर्गातली ही आणि मोठ्या वर्गातली चार नंबरची, जी तिसरी आली होती. निवेदकाचा आवाज बंद पडल्यावर पहिल्यांदा पंचबाईंच्या खोलीत तेच घुसले.

"मेलेल्या माणसाची ती नंबर दाखवणारी डबी कुणीतरी गाडीत लपवून फिरवलीय," शेठ म्हणाले. "नियम काय सांगतो? नोंद नसलेली डबी ज्या गाडीत, ती गाडी निकालातून बाद. शोधा आणि काढून टाका. कुणाची का असेना!"

"कुणाचीही?"

"कुणाचीही. दयामाया नको."

शेठ कुणाकडे बोट दाखवत होते ते न कळायला पंचबाई काही दूधखुळ्या नव्हत्या. उद्या दुपारी निकालावर सही होईल, तोवर सगळं थांबेल, असं सांगून त्यांनी शेठना बाहेर काढलं. मग त्यांचं लक्ष दाराशी घुटमळणाऱ्या घड्याळवाल्याकडे गेलं. वेळेच्या नोंदी ठेवणारा हा माणूस एरवी तोंडाळ. आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाई, तो नंबर मी सकाळी पुसला होता," तो म्हणाला. "दोनदा पुसला. पुसला की परत यायचा."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर धुकं होतं. समोरचा रिकामा ट्रॅक दहा पावलांपुढे दिसत नव्हता. घड्याळवाल्याच्या खोलीत पडदे मात्र चालू होते.

"प्रत्येक गाडीत साबणाच्या वडीएवढी एक डबी असते," घड्याळवाला सांगू लागला. पंचबाईंना हे ठाऊक होतं, पण घाबरलेल्या माणसाला पाठ असलेलं बोलू द्यावं म्हणून त्या गप्प राहिल्या. "ती रेषेवरून गेली की इथं नंबर हलतो. सत्तावन्नची डबी अपघातानंतर मिळालीच नाही. भंगारात गेली असेल म्हणून आम्ही नाद सोडला. आणि काल सकाळी नकाशावर हा ठिपका आला."

त्याने कालची शर्यत पडद्यावर पुन्हा चालवली. रंगीत ठिपके ट्रॅकभर फिरत होते. त्यांतला एक ठिपका मोठ्या वर्गातल्या चार नंबरला चिकटून होता. चार नंबर वळली की तोही वळे. त्याच्यावर सत्तावन्न लिहिलं होतं.

"शेठची गाडी," पंचबाई म्हणाल्या.

"हो. पुढे बघा."

मध्येच सत्तावन्न पिटमध्ये, गाड्या थांबवायच्या जागेत, शिरला आणि बराच वेळ हलला नाही. दुपारी तो पुन्हा निघाला. आता तो लहान वर्गाच्या वेगाने चालला होता, अठ्ठावन्न नंबरला चिकटून. सूर्यास्ताला निशाण पडलं तेव्हा दोघं जोडीने रेषेवरून गेले. सकाळी राक्षसी वेगाने काढलेल्या फेऱ्यांमुळे त्याचा आकडा फुगला होता, म्हणून मेलेला माणूस सातवा आला.

उतारावरच्या वळणावर ठिपका पोचला की घड्याळवाला मान फिरवत होता. गेल्या वर्षी तो ठिपका तिथे थांबलेला त्याने याच खुर्चीत बसून पाहिला होता. पंचबाईंच्याही अंगावर काटा आला, पण त्यांनी तो शालीखाली झाकला.

"सकाळी चार नंबर कोण चालवत होतं? आणि दुपारी अठ्ठावन्न?"

"दोन्ही वेळा धाकटाच. एका चालकाला दोन वर्गांत नाव नोंदवायची मुभा आहे ना. शेठना तिसरा चालक हवा होता, त्यांनी यालाच घेतलं."

"मग झालं. त्याच्याकडे असणार."

"तिथंच तर घोडं पेंड खातंय, बाई. तो चार नंबरमधून उतरल्याबरोबर गाडी तपासली. डबी नाही. संध्याकाळी निशाण पडल्यावर अठ्ठावन्न सीलबंद आवारात नेली, पार उलगडून तपासली. डबी नाही. धाकट्याला तर बूट-मोज्यांपर्यंत तपासला. हेल्मेट, अंगावरचा सूट, हातमोजे. काही नाही."

पंचबाईंनी पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट टेकवलं. "या डबीची बॅटरी किती टिकते?"

"चार-पाच दिवस. आठवडा म्हणजे डोक्यावरून पाणी."

"म्हणजे वर्षभर हरवलेल्या डबीला कुणीतरी याच आठवड्यात चार्ज केलंय." पंचबाई उठल्या. "भुताला चार्जर लागत नाही. हे माणसाचं काम आहे."

घड्याळवाल्याचं लक्ष नव्हतं. तो एका कोपऱ्यातल्या पडद्याकडे बघत होता. तो कालचा नव्हता, आत्ताचा होता. धुक्यातल्या रिकाम्या मैदानाचा नकाशा होता तो, आणि त्यावर एकच ठिपका होता. सत्तावन्न. सीलबंद आवारातल्या, डब्यांचा सिग्नल पकडणाऱ्या खांबाने त्याला टिपलं होतं.

३

"मी?" शेठ खुर्चीतून अर्धे उठले. "मी माझ्याच गाडीत भूत बसवीन?"

शेठच्या गॅरेजमध्ये जमीन इतकी लखलखीत होती की पंचबाईंना चपला काढाव्याशा वाटल्या. शेठ बोलके, हौशी, हरणं अजिबात न सोसणारे. पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. अठ्ठावन्नला बाद करायचं म्हणून त्यांनी डबी लपवली असती तर ती सकाळी त्यांच्याच चार नंबरमधून फिरली नसती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा हा माणूस नव्हता.

तोच नियम आपल्याही गाडीला लागतो, एवढी एक गोष्ट त्यांच्या अजून ध्यानात आलेली दिसत नव्हती. पंचबाईंनीही ती बोलून दाखवली नाही.

"काल सकाळचं सांगा," त्या म्हणाल्या.

"काय सांगणार? पोरगा आपलं सामान काखेत मारून आला. बसला, चालवली, सामान उचललं, गेला आपल्या वहिनीकडे. पण एक बोलू?" शेठ एकदम हळू बोलायला लागले. "त्याला मी दोन वर्षं बघतोय. बेताचा चालक. थोरल्याची सर नव्हती. काल सकाळी माझ्या इंजिनिअरने कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे दिला. म्हणाला, शेठ, ही थोरल्याची रेघ आहे. वळणात शिरायची तीच पद्धत, तोच उशिरा दाबलेला ब्रेक. मी हसण्यावारी नेलं. पण मला काल झोप लागली नाही, पंचबाई. म्हणून म्हणतो, काढून टाका ते. कुठंही असो, काढून टाका."

पंचबाई निघाल्या तेव्हा शेठनी मागून विचारलं, "तो सापडला की जाईल ना?"

डबीबद्दल बोलतानाही ते 'ती' म्हणाले नव्हते.

४

वहिनीचं गॅरेज सगळ्यात टोकाला होतं. काल पहिला नंबर आलेल्या ठिकाणी आज सुतक असल्यासारखी शांतता होती. वहिनी उभ्या उभ्या टायरांचे गठ्ठे मोजत होती आणि पुन्हा पुन्हा चुकत होती. मुख्य मेकॅनिक, ज्याला सगळे मामा म्हणत, तो पुसलेलंच हत्यार पुसत होता. धाकटा एका खोक्यावर कोपरं हातांत धरून बसला होता. कोपऱ्यात या दोघा भावांची आई हातमोज्याचं उसवलेलं बोट शिवत होती. टीप इतकी बारीक होती की कापडावर ती शोधावी लागे. मांडीवर फोन होता.

"बसा ना," आई म्हणाली आणि स्वतःची खुर्ची पंचबाईंकडे सरकवली.

"तुम्ही दरवर्षी येता का?"

"नाही हो. यंदाच. आवाज सोसत नाही मला."

वहिनी मध्ये पडली. "मॅडम, विचारायचं ते मला विचारा. त्यांना काय माहीत असणार?" मग तिचा तोल गेला. "मी हा नियम तोंडपाठ म्हणून दाखवीन तुम्हाला. नोंद नसलेली डबी, गाडी बाद. जिंकायचं म्हणून वर्षभर एक वेळ जेवून दिवस काढले मी. आणि मीच ती डबी ठेवीन? वेड लागलंय मला?"

पंचबाईंना ते पटलं. हा नियम माहीत असलेला कुणीही या गॅरेजात तसं करणार नव्हता. त्या मामाकडे वळल्या. त्याच्या मागच्या फळीवर डब्या चार्ज करायचं यंत्र होतं.

"हे कोण वापरतं?"

"मी एकटाच," मामा म्हणाला. मग त्याने कान खाजवला. "म्हणजे... मागे बुधवारी आलो तर यात एक दिवा जास्त लागलेला. म्हटलं, आपणच लावली असेल जुनी एखादी. संध्याकाळी बघतो तर नाही. म्हातारपण, दुसरं काय. गॅरेजला दिवसभर दार नसतं, बाई. घरचं माणूस येतं, जातं."

त्याच्याही वर, भिंतीवर, पाठी टांगल्या होत्या.

पंचबाई दचकल्या. क्षणभर त्यांना माणसंच उभी आहेत असं वाटलं. फोमचे साचे होते ते. गाडीतल्या कडक सीटच्या कवचात बसवायचे, प्रत्येक चालकाच्या अंगावर बेतून ओतलेले. खांदे, कंबर, मणक्याची खाच, सगळं उलट्या बाजूने उमटलेलं. वर कापड शिवलेलं. माणूस उठून गेल्यावर त्याची जागा मागे उरावी तसे ते दिसत होते. दोन साचे होते आणि मधला खिळा रिकामा होता.

"तिथे कुणाचा असतो?"

मामाने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "दादाचा. आमची अंगलट एकच. अपघातात त्या साच्याला काही झालं नाही. तो आम्हाला परत मिळाला. यंदा मी त्याच्यातच बसतो."

"कालचं सांग."

धाकट्याने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही लिहून घेणार असाल तर मी बोलणार नाही."

पंचबाईंनी दोन्ही हात रिकामे दाखवले.

"दादा होता. इंजिनिअर रेडिओवर म्हणाला, तुझ्या जागीच सत्तावन्न दिसतोय, पण मला ते आधीच कळलं होतं. पहिल्याच फेरीत. पाठीवर हात होता त्याचा. इथं," त्याने हात मागे न्यायचा प्रयत्न केला, तो पोचला नाही. "सारखा. वळणात शिरताना जरा जोर द्यायचा, सुटताना सोडायचा. लहानपणी सायकल शिकवताना धरायचा तसा. त्या वळणावर मी दर फेरीला डोळे मिटून घ्यायचो, खोटं नाही सांगत. काल एकदाही मिटले नाहीत. दुसऱ्या कुणी चालवली तेव्हा तो नव्हता. मी बसलो की यायचा."

वहिनी तोंड फिरवून उभी राहिली. आईची सुई थांबली होती.

पंचबाई रिकाम्या खिळ्याकडे बघत होत्या. शेठचं बोलणं त्यांना आठवलं. पोरगा आपलं सामान काखेत मारून आला.

"मामा, हा साचा चार नंबरच्या सीटमध्ये बसतो?"

"बसतो की. कवच एकाच मापाचं. चालक आपला साचा आपणच घेऊन फिरतो."

"आणि आत्ता तो कुठे आहे?"

"अठ्ठावन्नमध्येच. आवाराला सील लावलंय ना. तिथून आणणार कोण?"

पंचबाई धुक्यात बाहेर पडल्या. गॅरेजपासून दूर आल्यावर त्या जवळजवळ धावायला लागल्या.

५

सीलबंद आवारात दोन तपासनीस होते. एक गाड्या तपासणारा, एक चालकांना तपासणारा. दोघांचं एकमेकांशी पटत नसे, आणि दोघंही आपल्या कामात चोख.

"तुम्ही गाडी उलगडली," पंचबाईंनी पहिल्याला विचारलं. "सीटचा साचा उलगडला?"

"साचा माझ्याकडे येत नाही. साचा म्हणजे चालकाचं सामान. वजनसुद्धा चालकाच्या वजनात धरतात."

त्या दुसऱ्याकडे वळल्या. "मग तुम्ही?"

"चालकाच्या अंगावर जे असतं ते सगळं पाहिलं मी," दुसरा म्हणाला. "साचा गाडीत होता. गाडीतलं मी कशाला बघू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांचेही चेहरे पडले. नियमांच्या पुस्तकाने साचा एकाच्या खात्यात लिहिला होता, आणि तो होता दुसऱ्याच्या हद्दीत. इतकी वर्षं तो कुणीच तपासला नव्हता, कारण इतकी वर्षं त्यात कुणी काही ठेवलं नव्हतं.

पंचबाईंनी साचा बाहेर काढायला लावला आणि एका टेबलावर पालथा घातला. माणूस झोपवावा तसा तो दिसला. त्यांनी कापडावरून बोटं फिरवली. जुन्या टिपा यंत्रावरच्या, सरळ आणि ठळक. दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये एक वीतभर टीप वेगळी होती. हाताने घातलेली. ती डोळ्यांना दिसत नव्हती, बोटांनाच लागत होती.

त्यांनी ती उसवली. फोम कोरून केलेल्या जागेत, एका जुन्या मऊ रुमालात गुंडाळलेली डबी होती. हिरवा दिवा बारीक उघडझाप करत होता.

"कुठे सापडली ते या आवाराबाहेर जाता कामा नये," पंचबाई म्हणाल्या. "डबी सापडली, एवढंच सांगा."

हा हात शेठचा नव्हता, मामाचा नव्हता, वहिनीचा तर नव्हताच. धाकट्याला माहीत असतं तर पाठीवरचा हात म्हणून तो कशाला सांगत बसला असता? उरलं एकच माणूस, ज्याला नियम ठाऊक नव्हता. ते ओळखता आल्याचा पंचबाईंना काडीचाही आनंद झाला नाही.

६

बातमी त्यांच्या आधी गॅरेजात पोचली होती. त्या आत शिरल्या तेव्हा वहिनी समोर येऊन उभी राहिली.

"मी ठेवली," ती म्हणाली.

"तुम्ही? मघाशी नियम तोंडपाठ म्हणत होतात."

"म्हणत होते. मीच ठेवली. डोकं फिरलं होतं माझं."

"वहिनी, तू गप बस," धाकटा उठला. "मॅडम, मी ठेवली. मला दादा बरोबर हवा होता."

मामाने हत्यार खाली ठेवलं. "पोरांचं काय ऐकता? चार्जर माझा, फळी माझी. मीच तो."

पंचबाईंना हसू आलं नाही आणि रागही आला नाही. "बरं. डबी साच्यात होती, एवढं सांगते. साच्यात कुठे?"

"मानेखाली," वहिनी म्हणाली. "मांडीच्या बाजूला," मामा म्हणाला. धाकट्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याला आत्ता, या क्षणी, ते कळलं होतं. त्याचा हात पाठीकडे जाऊ लागला आणि अर्ध्यात थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरून गेलं. पंचबाईंना त्याच्याकडे बघवेना.

आई उठून त्याच्या मागे आली होती. तिने त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध तळहात टेकवला.

"इथं," ती म्हणाली.

आईच बोलत राहिली, हात न काढता.

"थोरला गाडी चालवायला लागल्यापासून मी घरी बसून फोनवर बघायची. गाडी दिसत नाही त्यात, नुसते नंबर. त्याचा नंबर फेरी झाली की हलायचा. हलला की मी हातातलं काम करायची. परत हलेपर्यंत जीव टांगणीला. गेल्या वर्षी हलला नाही. मला वाटलं फोन अडकला. बंद केला, चालू केला. सूनबाईचा फोन येईपर्यंत मी तेवढंच करत होते, बाई. बंद, चालू. बंद, चालू."

"आई," वहिनी म्हणाली.

"सांगू दे ग. साचा घरी आला तेव्हा ती डबी त्याच्या खाचेत रुतलेली होती. त्याचा नंबर आहे त्यात, एवढं मला माहीत होतं. मी लपवली. यंदा धाकटा त्याच साच्यात बसणार म्हटल्यावर म्हटलं, दे, कापड नीट करून देते. मामा डब्या लावतो तिथं बुधवारी लावून ठेवली. आणि काल दिवसभर दोघांचे नंबर एकामागे एक हलत होते. एवढे नंबर असतात त्यात, आपल्या दोघांकडे कुणाचं लक्ष जातंय, असं मला वाटलं. थोरल्याला म्हटलं, धर रे त्याला. काल मी वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवले."

मग तिने पंचबाईंकडे पाहिलं. तिला आत्ता कुठे भीती वाटायला लागली होती.

"याचा पहिला नंबर जाणार का हो? माझ्यामुळे?"

"हो," पंचबाई म्हणाल्या. दुसरं काहीतरी म्हणता येईल का, हे त्यांनी खूप शोधलं होतं.

७

दुपारपर्यंत धुकं विरलं, आणि पंचबाईंच्या खोलीत शेठ पुन्हा आले. यावेळी दार वाजवून.

"जाऊ द्या ना, पंचबाई. म्हातारी आई आहे. माझी तक्रार मी मागे घेतो."

"तुमची चार नंबर मोठ्या वर्गात तिसरी आहे," पंचबाई म्हणाल्या. "डबी तिच्यातूनही फिरलीय. तीही बाद होणार, हे तुम्हाला कधी कळलं?"

शेठ लाल झाले. "मघाशी. पण आईचंही खरंच वाटतं मला. दोन्ही खरं आहे."

"असेल. माझंही तेच झालंय."

वहिनी, मामा, धाकटा, आई, सगळे येऊन उभे होते. कुणी गयावया केली नाही. तशी केली असती तर पंचबाईंना सोपं गेलं असतं. सगळ्यांनाच हे मिटायला हवं होतं, शेठनासुद्धा. एक नंबर पुसायचा, बाकी निकाल तसाच ठेवायचा, कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. त्यांना तसं करावंसं वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. पण ज्या निकालात मेलेला माणूस सातवा आला तो निकाल खोटा होता, आणि त्यातला गैरसोयीचा खोटेपणा तेवढा काढून सोयीचा ठेवायचा, हे काही त्यांच्याने होईना. त्यांनी सही केली. हात कापला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

"लावू कुलूप," वहिनी म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "आईंना कुणी एक अक्षर बोलायचं नाही. आत्ताच सांगून ठेवते."

शेठ मान खाली घालून निघून गेले. त्यांची लहान गाडी आता पहिली होती, पण तिचं अभिनंदन करायचं कुणालाच सुचलं नाही.

घड्याळवाल्याने बटण दाबलं. अंतिम निकाल पडद्यावर आला, आणि त्याच वेळी आईच्या हातातल्या फोनवरही.

आधी सत्तावन्न गेला. यादी एक पायरी वर सरकली. आईने मान हलवली. तेवढं तिला कळलं होतं. मग यादी पुन्हा सरकली आणि अठ्ठावन्नही गेला.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. तिला सांगितलेलं होतं, तिने ते ऐकलेलं होतं, तरी तिचं बोट पडद्यावर भराभर खालीवर फिरू लागलं. "कुठं गेला?" ती म्हणाली. "अरे, हा कुठं गेला? आत्ता तर होता."

"आई, मी इथंच आहे," धाकट्याने तिचे दोन्ही खांदे धरले. "तुझ्यासमोर उभा आहे. माझ्याकडे बघ."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने फोन बंद केला, आणि पुन्हा चालू केला.